ताई, ऑफशोअरला जाऊ का? पन्नाशी ओलांडलेल्या बॉम्बे हायची गोष्ट

(हे या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन नीट लावा, लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा. आजचा भाग तेलावर आहे. खायच्या नाही, जमिनीतल्या. आणि तोही सौदीतल्या नाही, आपल्या समोरच्या समुद्रातल्या.

झालं असं की मागच्या रविवारी माझ्या चुलत भावाचा फोन आला. वय २१, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, चार महिने घरी बसून आहे. म्हणाला, "ताई, एका ठेकेदाराकडे ऑफशोअरचं काम आहे. पाऊस संपला की सीझन सुरू होईल. जाऊ का? की तुझ्यासारखं कोडिंग शिकू? आणि खरं सांग, तिकडचं तेल अजून किती वर्षं पुरणार?"

मी म्हटलं, आठवडाभर दे, मग सांगते.

आता मी काही तेलातली तज्ज्ञ नाही. बीटेक कॉम्प्युटरमध्ये, काम सॉफ्टवेअरचं. पण या विषयाशी माझं नातं आहे. आमचं घर उरण तालुक्यातलं. बाबा वेल्डर. १९९८ पासून २०२० पर्यंत, म्हणजे २२ वर्षं, ठेकेदारांकडून समुद्रात कामाला जायचे. ऑक्टोबर ते मे समुद्र शांत असतो, तेव्हा बार्जवर राहून प्लॅटफॉर्मचं वेल्डिंग. पावसाळ्यात घरी. आई कालनिर्णयवर बाबांच्या जाण्याच्या दिवशी फुली मारायची आणि यायच्या अंदाजे तारखेला गोल करायची. तो गोल दर वर्षी दोन-तीनदा पुढे सरकायचा. माझी कॉलेजची फी त्या फुल्या आणि गोलांमधून आलीय. त्यामुळे मी तटस्थ आहे असं समजू नका.

तर आठवडाभर वाचलं, बाबांशी बोलले, स्वतःच्या जुन्या कामाच्या नोंदी काढल्या. भावाला जे सांगितलं ते आज तुम्हालाही सांगते.

आधी थोडं मागे जाऊ

कागदावर नाव आता 'मुंबई हाय' आहे, पण आमच्याकडे अजून सगळे बॉम्बे हायच म्हणतात. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात. पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास. त्या तळाच्याही खाली, हजार मीटरहून खोल, चुनखडीच्या दगडात तेल आणि गॅस आहे.

साठच्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या मदतीने या समुद्राची पाहणी झाली. मग ओएनजीसीने जपानमध्ये एक रिग बांधून घेतली, 'सागर सम्राट'. पाय खाली सोडून समुद्रतळावर उभी राहणारी. फेब्रुवारी १९७४ मध्ये तिला इथे तेल लागलं. वेळ बघा! १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत जगात तेलाचा भाव जवळपास चौपट झाला होता. देशाकडे डॉलर नाहीत, आणि दारातच तेल सापडलं. सागर सम्राटचं चित्र एक रुपयाच्या नोटेच्या मागे आहे. घरात जुनी नोट असेल तर आज काढून बघा.

मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पहिलं तेल लागल्यापासून दोन-सव्वादोन वर्षांत! आम्ही एक अ‍ॅप त्याहून उशिरा लाँच केलंय. १९८० च्या दशकात हे क्षेत्र शिखरावर होतं, दिवसाला ४ लाख ७० हजार बॅरलच्या आसपास. एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर.

त्या तेलाभोवती आमचा किनारा बदलला. समुद्राखालच्या पाइपलाइनने तेल-गॅस उरणला यायला लागला. उरणहून तेल तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांना. गॅसवर उरणचं वीज केंद्र उभं राहिलं, अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आला. गॅसची दुसरी मोठी लाइन गुजरातमध्ये हजिऱ्याला गेली. म्हणजे कोल्हापूरच्या उसाला पडलेला युरिया असो नाहीतर दादरच्या टॅक्सीतला सीएनजी, त्यामागे हा समुद्र होता.

तेल 'संपतं' म्हणजे नेमकं काय होतं?

भावाच्या प्रश्नात एक गैरसमज आहे आणि तो माझाही होता. आपल्याला वाटतं खाली टाकी आहे. टाकी रिकामी झाली की खेळ खल्लास. तसं नसतं.

रसवंतीवर ऊस चरकात घालताना बघितलाय ना? पहिल्यांदा घातला की भळभळ रस येतो. मग तो माणूस चिपाड दुमडतो, आलं-लिंबू घालतो आणि परत चरकात सारतो. रस येतो, पण कमी. तिसऱ्यांदा अजून कमी. चरक तेवढाच फिरतोय, मेहनत तेवढीच. एका क्षणी तो चिपाड बाजूला टाकतो. रस पूर्ण संपलाय म्हणून टाकत नाही. आणखी पिळणं त्याला परवडत नाही, म्हणून टाकतो.

तेलाचं अगदी असंच. दगडाच्या बारीक छिद्रांत तेल अडकलेलं असतं. सुरुवातीला आतला दाबच तेल वर ढकलतो. मग दाब उतरतो. बॉम्बे हायमध्ये ऐंशीच्या दशकापासूनच समुद्राचं पाणी प्रक्रिया करून खाली सोडायला सुरुवात झाली, दाब टिकावा आणि पाण्याने तेल विहिरीकडे रेटावं म्हणून. पुढे काय होतं? तेच पाणी विहिरीतून वर यायला लागतं. दर वर्षी तेल कमी, पाणी जास्त. ते पाणी वेगळं करा, स्वच्छ करा, पंप चालवा, गंजलेला पाइप बदला. सगळा खर्च तोच किंवा वाढलेला, आणि हाती येणारं तेल कमी.

अशा क्षेत्राला इंग्रजीत 'मॅच्युअर फील्ड' म्हणतात. मराठीत सरळ म्हातारं क्षेत्र म्हणूया. म्हातारं माणूस लगेच जात नाही, पण औषधांचा खर्च वाढतो. त्याला सांभाळणारी माणसंही चांगली लागतात, हे पुढे येईलच.

आकडे बघा. एप्रिल २०२४ मध्ये इथलं उत्पादन दिवसाला १ लाख ३४ हजार बॅरल होतं. शिखराच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तरीही हे आजही देशातलं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र आहे. आणि देशाला रोज लागतं किती? ५० लाख बॅरलहून जास्त. आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. म्हणजे बॉम्बे हाय उद्या दुप्पट झालं तरी आयात काही थांबत नाही.

मग सोडून द्यायचं का? तसंही नाही. जगभरात साधारणपणे अशा साठ्यातलं निम्म्याहून जास्त तेल दगडातच राहून जातं. ते थोडं जरी जास्त निघालं तरी फायदा मोठा, कारण प्लॅटफॉर्म, पाइपलाइन, उरणचा प्लांट, सगळं आधीच उभं आहे. नवीन ठिकाणी शून्यापासून सुरुवात करण्यापेक्षा हे स्वस्त पडू शकतं.

इथे माझं क्षेत्र येतं

पुण्यात असताना मी दोन वर्षं एका तेल कंपनीच्या प्रोजेक्टवर होते. कोणती, कुठली, ते सांगता येणार नाही, करार आहे. बॉम्बे हाय नव्हे, पण असंच जुनं क्षेत्र. विहिरीतल्या पंपांचा डेटा यायचा: दाब, तापमान, करंट. पंप बिघडायच्या आधी मशीन लर्निंगने इशारा द्यायचा, असं काम. ऐकायला भारी वाटतं ना? पहिले पाच महिने मी फक्त एक्सेल शीट साफ केल्या. एकाच विहिरीची तीन शीटमध्ये तीन नावं. कुठे डॅश, कुठे स्पेस, कुठे जुन्या ठेकेदाराने ठेवलेला नंबर.

मग मॉडेल तयार झालं. डेमोच्या कॉलवर मी अगदी ऐटीत दाखवलं, "बघा, या तारखेला या विहिरीत बिघाडाची चिन्हं होती, आमच्या मॉडेलने पकडली." पलीकडे एक वयस्कर ऑपरेटर होते. शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी आम्ही ती विहीर सफाईसाठी बंद ठेवली होती." कॉलवर शांतता. ती नोंद त्यांच्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये होती. मी ते रजिस्टर कधी मागितलंच नव्हतं. चूक पूर्ण माझी.

हे का सांगतेय? कारण जुन्या क्षेत्राचं भविष्य म्हटलं की आजकाल सगळे 'एआय, डिजिटल' म्हणून मोकळे होतात. त्याचा उपयोग नक्की आहे. कुठल्या विहिरीतून आडवी फाटा-विहीर काढली तर उरलेलं तेल मिळेल, कुठे पाणी सोडणं थांबवायचं, हे हजारो विहिरींच्या नोंदी एकत्र पाहून जास्त नीट कळतं. पण त्या नोंदी कोणाच्या तरी डोक्यात आणि रजिस्टरमध्ये असतात, आणि ती डोकी आता निवृत्त होतायत. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'लेगसी सिस्टीम' म्हणतो, तेच हे. कोड जुना असणं हा प्रश्न नसतोच. तो कोणी आणि का लिहिला हे सांगणारा माणूस कंपनी सोडून गेला, की खरी पंचाईत होते.

आता पुढे काय चाललंय

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश कंपनीला मुंबई हायसाठी तांत्रिक सेवा देणारी कंपनी म्हणून निवडलं. दहा वर्षांसाठी. मालकी आणि काम चालवणं ओएनजीसीकडेच, बीपी सल्ला आणि तंत्रज्ञान देणार. पहिली दोन वर्षं ठरलेली फी, त्यानंतर जे जास्तीचं उत्पादन निघेल त्याच्या कमाईतून वाटा. बीपीने सांगितलेलं लक्ष्य असं: दहा वर्षांत बेसलाइनपेक्षा कच्चं तेल ४४ टक्क्यांपर्यंत जास्त आणि गॅस ८९ टक्क्यांपर्यंत जास्त.

बातम्यांत हे आकडे ऐकले की वाटतं, अरे वा, परत तरुण झालं. थांबा, कॅल्क्युलेटर काढू. एप्रिल २०२४ चीच पातळी धरली, म्हणजे १ लाख ३४ हजार, आणि त्यावर पूर्ण ४४ टक्के वाढ मिळाली, तर होतात १ लाख ९३ हजार. शिखराच्या निम्मेही नाहीत. आणि 'बेसलाइन' हा शब्द नीट ऐका. जुन्या क्षेत्राची बेसलाइन स्वतःच दर वर्षी खाली घसरत असते. सरकत्या जिन्यावर उलट चढण्यासारखं आहे हे. जागच्या जागी राहायलासुद्धा पळावं लागतं.

म्हणून माझं मत असं: हा करार चांगला आहे, पण तो म्हातारपण पुढे ढकलण्याचा करार आहे. त्यातून दहा-पंधरा-वीस वर्षं मिळतील. ती वर्षं आपण कशी वापरतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

सागर सम्राटचंच बघा. जिने पहिलं तेल शोधलं, त्याच रिगला बदलून तरंगतं नव्हे, तर पायांवर उभं राहणारं उत्पादन केंद्र केलं. डिसेंबर २०२२ मध्ये ते कामाला लागलं. पन्नाशीला टेकलेली रिग दुसऱ्या नोकरीवर! मला ही गोष्ट फार आवडते, कारण भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

तुमच्या खिशाचा संबंध

तुम्ही म्हणाल, आम्ही नाशिकला राहतो, आम्हाला काय त्याचं. सांगते. जुन्या क्षेत्रांमधून निघणारा गॅस सरकारने ठरवलेल्या स्वस्त दराने शहरातल्या सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसला दिला जातो. हा गॅस कमी होत चाललाय. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सलग दोनदा शहरी गॅस कंपन्यांचा हा कोटा कापला गेला. मग काय, महागडा गॅस विकत घ्या. नोव्हेंबरमध्ये मुंबईत सीएनजी किलोमागे २ रुपयांनी महागला. रिक्षावाल्या काकांना चुनखडीचा दगड ठाऊक नसेल, पण त्या दगडातला दाब उतरला की त्यांच्या दिवसाच्या कमाईतून पैसे जातात.

उरणचं वीज केंद्रही गॅस अपुरा म्हणून कित्येक वर्षं क्षमतेपेक्षा कमी चालतंय. गॅस बाहेरून द्रवरूपात, म्हणजे एलएनजी म्हणून आणता येतो. त्यासाठी आपल्याकडे रत्नागिरीत दाभोळचं टर्मिनल आहे. पण समुद्रातला लाटा अडवणारा बांध अपुरा राहिल्याने ते वर्षानुवर्षं पावसाळ्यात वापरताच येत नव्हतं. म्हणजे जुना झरा आटतोय आणि नव्या नळाचं काम वर्षानुवर्षं रखडलं, अशी आपली गत झाली.

ज्या भागावर बाबा बोलत नाहीत

आता जरा जड विषय. २७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई पाण्यात बुडालेली. समुद्रात एका सपोर्ट जहाजावरच्या कामगाराच्या बोटांना दुखापत झाली. हवा खराब, हेलिकॉप्टर उडत नव्हती, म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. जहाज प्लॅटफॉर्मच्या जवळ आलं, लाटेने आपटलं आणि गॅस वाहून नेणाऱ्या उभ्या पाइपला धडकलं. आग लागली. मुंबई हाय नॉर्थचा तो प्लॅटफॉर्म दोनेक तासांत नष्ट झाला. २२ माणसं गेली. साडेतीनशेहून जास्त वाचवली. मी तेव्हा आठ वर्षांची होते. बाबा पावसाळा म्हणून घरी होते. आधीच्या सीझनला त्यांनी त्याच बाजूला काम केलं होतं. ते दिवसभर ओटीवर बसून होते, एवढंच आठवतं.

मग मे २०२१, तौक्ते वादळ. पी-३०५ नावाची राहण्याची बार्ज नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. वर २६१ जण होते. ७० हून जास्त जण गेले. त्यातले बहुतेक बाबांसारखेच, ठेकेदारांकडचे. बाबांनी आदल्याच वर्षी काम सोडलं होतं.

जुन्या क्षेत्रात दुरुस्तीचं काम वाढतं, वेल्डिंग वाढतं, बार्जवर माणसं वाढतात. तेल कमी झालं म्हणून धोका कमी होत नाही. उलट लोखंड जुनं असतं आणि खर्च कमी करा असा दबावही असतो. 'बेसलाइन' आणि 'टक्केवारी' यांच्या चर्चेत हे कधी येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणखी एक साधी गोष्ट. बाबांनी काम सोडल्यावर मी त्यांचा पीएफ एकत्र करायला बसले. २२ वर्षांत सहा ठेकेदार. नावाची स्पेलिंगं तीन. जन्मतारखा दोन. एका ठेकेदाराने पगारातून आठ महिने पैसे कापले होते, खात्यात भरलेच नव्हते. नाव दुरुस्त करायला तेव्हा जॉइंट डिक्लरेशन लागत होतं, त्यावर मालकाची सही हवी होती, आणि तो ठेकेदार तर धंदा बंद करून गायब. मला तेव्हा एकदम माझ्या प्रोजेक्टमधली ती विहीर आठवली, तीन शीटमध्ये तीन नावांची. विहिरीचा डेटा साफ करायला कंपनीने आमच्या टीमला दोन वर्षं पगार दिला. बाबांचा डेटा साफ करायला कोणीच नव्हतं. दीड वर्ष लागलं. आठ महिन्यांचे पैसे काही आले नाहीत.

तेल थांबल्यावर

कधीतरी चरक थांबेलच. मग समुद्रातल्या त्या लोखंडी सांगाड्यांचं काय? ते तसेच सोडता येत नाहीत. विहिरी सिमेंटने कायमच्या बंद करायच्या, पाइप साफ करायचे, प्लॅटफॉर्म कापून किनाऱ्यावर आणायचे. याला 'डीकमिशनिंग' म्हणतात आणि हा स्वतःच एक मोठा उद्योग आहे. ब्रिटनच्या उत्तर समुद्रात बघा. तिथलं उत्पादन १९९९ च्या सुमारास शिखरावर होतं, त्यानंतर उतरणच. २०१७ मध्ये तिथल्या ब्रेंट डेल्टा प्लॅटफॉर्मचा २४ हजार टनांचा वरचा भाग एका महाकाय जहाजाने अखंड उचलून नेला. यूट्यूबवर व्हिडिओ आहे, बघाच.

आपल्याकडेही सुरुवात झालीय. मुंबईच्या उत्तरेला असलेल्या ताप्ती गॅसक्षेत्राचे प्लॅटफॉर्म काही वर्षांपूर्वी काढले गेले. देशातलं समुद्रातलं हे असं पहिलं काम. कंपन्यांनी या खर्चासाठी आधीपासून पैसे बाजूला ठेवावेत म्हणून १९९९ पासून सरकारची योजनाही आहे. म्हणजे पैशांचा विचार झालाय. माणसांचा तसा झालेला मला दिसला नाही. प्लॅटफॉर्म कापायला वेल्डर, कटर, रिगर, डायव्हर लागणारच आहेत. त्यांना आतापासून शिकवणार कोण?

आणि उरणसारख्या गावांचं काय? संविधानाच्या कलम २९७ प्रमाणे समुद्रातली संपत्ती केंद्राची. त्यामुळे या तेलाची रॉयल्टी राज्याला मिळत नाही, गावाला तर दूरच. नॉर्वेने १९९० मध्येच कायदा करून तेलाच्या पैशांचा वेगळा फंड ठरवला, तेल संपल्यावरच्या पिढ्यांसाठी. आपली गोष्ट वेगळी, हे मान्य. एवढ्या मोठ्या देशाला एवढ्याशा तेलातून तसा फंड जमला नसता. पण एका तालुक्यासाठी चांगलं प्रशिक्षण केंद्र, चांगलं हॉस्पिटल, एवढं तर जमलं असतं ना?

बरं, उरण काही आता फक्त तेलाचं राहिलेलं नाही. १९८९ पासून न्हावा-शेवाचं बंदर आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने जीव मुठीत धरून येणारी आमची पिढी आता ट्रेनने येते. म्हणजे तेल हा एकच दरवाजा नाही.

तर मग, जाऊ का?

या रविवारी भावाला फोन केला. काय सांगितलं ते थोडक्यात.

एक, तेल तुझ्या हयातीत 'संपणार' नाही. पण तुझी नोकरी त्यावर ४० वर्षं चालेल असं धरू नकोस. दहा-पंधरा वर्षांचा हिशोब कर.

दोन, जायचं तर हेल्पर म्हणून जाऊन तिथेच राहू नकोस. वेल्डिंगचं सर्टिफिकेट घे, किंवा लोखंड न कापता त्याची तपासणी करायचं तंत्र शीक. एनडीटी म्हणतात त्याला. जुन्या क्षेत्राला त्याची गरज सगळ्यात जास्त, आणि तेच कौशल्य बंदरात, जहाजदुरुस्तीत, रिफायनरीत, उद्या प्लॅटफॉर्म कापतानाही चालतं. आपल्या समुद्रात पवनचक्क्या अजून उभ्या नाहीत, पण कधी आल्या तर त्यांचे पायही लोखंडाचेच असतील.

तीन, समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण झाल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. ठेकेदार "नंतर करू" म्हणाला तर तिथूनच परत यायचं.

चार, पहिल्या पगाराच्या दिवशी यूएएन नंबर माग. दर महिन्याला मोबाइलवर पासबुक बघ. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच हवं. हे वाक्य मी त्याला दोनदा म्हणायला लावलं.

पाच, कोडिंग शिकायचंय? जरूर शीक, पण 'सेफ' म्हणून नको. माझ्या टीममधले चार जण मागच्या वर्षी एका मीटिंगमध्ये घरी गेले. म्हातारं होणं फक्त तेलक्षेत्राच्या नशिबी नाही.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका काय म्हणतात?"

मी फोन बाबांकडे दिला. बाबांनी त्याला ना जा म्हटलं, ना नको म्हटलं. विचारलं, "बार्ज कुठली आहे? किती जुनी आहे? आधी जाऊन बघून ये. मी येतो बरोबर."

येत्या शनिवारी दोघं जाणार आहेत. काय होतंय ते पुढच्या एखाद्या भागात सांगेन. तुमच्या घरात कोणी समुद्रात, प्लांटवर, बार्जवर काम केलं असेल, तर त्यांना आज रात्री जेवताना विचारा, तिकडे दिवस कसा जायचा. आमच्या घरात हे विचारायला मला २८ वर्षं लागली.

काळजी घ्या. भेटू पुढच्या आठवड्यात.